माणसं थोडी होती तेव्हा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून कणकुंबीकडं निघालं की दोन्ही अंगांना रान लागतं. इथल्या उतारांवर एके काळी कुमरी, म्हणजे फिरती शेती, चालायची. उन्हाळ्यात झाडोरा तोडून वाळवायचा, पाऊस तोंडावर आला की पेटवायचा आणि त्या राखेत नाचणी फोकायची. एक-दोन पिकं निघाली की जागा सोडून द्यायची, ती कैक वर्षांसाठी. तेवढ्यात रान पुन्हा उभं राहायचं. ब्रिटिश वनखात्यानं याला नासधूस ठरवून बंधनं घातली; पण माणसं थोडी होती तोवर हा मेळ बसत होता.

माणसं थोडी का होती? 1876-78 च्या दुष्काळानंतर 1881 ची शिरगणती झाली, तेव्हा बेळगाव जिल्ह्यात 1872 पेक्षा कमी लोक भरले. मग प्लेग आला. गावंच्या गावं मोकळी झाली, लोक शेतात झोपड्या घालून राहिले. 1901 साली जिल्ह्याची लोकसंख्या दहा लाखांच्या आत होती. पुढं 1918 चा इन्फ्लुएंझा. 1911 ते 1921 या दशकात तर साऱ्या देशाचीच लोकसंख्या घटली. घरोघर पाळणा हलायचा आणि घरोघर तिरडीही उठायची. जुन्या समतोलाचं कौतुक करताना ही किंमत विसरता येत नाही.

2011 च्या जनगणनेत जिल्हा जवळपास 48 लाखांवर पोचला. मधल्या काळात हद्दी बदलल्या, संस्थानं मिसळली, तरी वाढ प्रचंडच. आता मात्र कर्नाटकात एका बाईमागं सरासरी 1.7 मुलं आहेत. लोकसंख्या टिकायला सुमारे 2.1 लागतात. म्हणजे या खेपेला वाढ थांबेल ती लसीनं, दवाखान्यानं, शिकलेल्या मुलींनी, साथीनं नव्हे. ही फार मोठी कमाई आहे.

पण जमिनीवरचा भार तेवढ्यानं उतरत नाही. एका वाड्यातली भावकी वेगळी झाली की तीन घरं होतात, तीन बोअर पडतात. चिकोडी, रायबाग, अथणीकडं नजर पोचेल तिथं ऊस, आणि ऊस बारमाही पाणी पितो.

इकडं भीमगड अभयारण्यातल्या मोजक्या वाड्यांना जंगल सोडून बाहेर या म्हणतात. रस्ता, दवाखाना हवा म्हणून काहीजण तयारही आहेत. त्यांचं पुनर्वसन नीट व्हावंच. पण कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा नदी वाचवायची तर तिच्या खोऱ्यातल्या खालच्या उसाचं आणि बोअरचं पाणीही तितक्याच काटेकोरपणे मोजायला हवं.