थडग्यावरचा करारनामा

मंडळी, सौदी अरेबिया म्हटलं की आपल्याला तेल आठवतं, मक्का-मदिना आठवते, नाहीतर तिकडे नोकरीला गेलेला घरातलाच कुणीतरी. आज मी तुम्हाला मदिनेच्या उत्तरेला, अल-उलाच्या खोऱ्यात नेणार आहे. दोन्ही अंगांना तांबूस वालुकाश्माचे कडे, मध्ये खजुराच्या बागा. दक्षिण अरबस्तानातून ऊद, धूप घेऊन निघालेले उंटांचे तांडे इथं पाण्याला थांबत. पाणी होतं म्हणून तांडे आले, तांडे आले म्हणून राज्यं उभी राहिली. आधी ददान, मग लिह्यान आणि नंतर आजच्या जॉर्डनमधल्या पेट्राचे नबाती.

नबात्यांचं इथलं शहर हेग्रा, अरबीत अल-हिज्र. कड्यांमध्ये कोरलेली 111 मोठी थडगी तिथं आहेत, त्यांतली 94 नक्षीदार. 2008 साली ते जागतिक वारशाच्या यादीत आलं. सौदीतलं हे पहिलंच स्थळ. त्याआधी तिथले लोकसुद्धा फारसे फिरकत नसत. कुराणातल्या समूद लोकांवर कोप झाला तो इथेच, अशी श्रद्धा. शापित जागा, थांबू नये.

पण मला भुरळ पडली ती दुसऱ्याच शापाची. तिथल्या एका थडग्याच्या दारावर मजकूर आहे: हे थडगं वाइलतची मुलगी कमकम आणि कमकमची मुलगी कुलैबत यांनी स्वतःसाठी आणि आपल्या वंशजांसाठी करवून घेतलं. साल, नबाती राजा हारिसाच्या कारकिर्दीचं नववं. म्हणजे इसवी सनाची सुरुवात. बाई आपल्या आईचं नाव लावते, आणि मालकी मायलेकींची!

पुढं भाषा एकदम कचेरीतली होते. हे थडगं जो विकेल, विकत घेईल, गहाण टाकेल, बक्षीस देईल, आतलं प्रेत बाहेर काढेल किंवा परक्याला आत पुरेल, त्याला दुशरा, अल्लात आणि मनात या देवतांचा शाप. नुसत्या शापावर भागेल याची कमकमला खात्री नसावी, कारण खाली रोख दंडही आहे: पुजाऱ्याला एक हजार सेला, म्हणजे हारिसाची चांदीची नाणी. आपल्याकडे शिलाहार राजांच्या गद्धेगाळी, म्हणजे दानाचे कोरीव दगड बघा. दान मोडणाऱ्याला शिवी, तीही चित्रासकट. नबाती बाईनं शिवी टाळली, पण गहाणखताची एकही पळवाट मोकळी ठेवली नाही. सोयरेधायरे कसे असतात हे तिला चांगलं ठाऊक होतं, असं मला आपलं वाटतं.

शेवटच्या ओळीत सही असावी तसं एक नाव येतं: अब्दोबदतचा मुलगा वहबअल्लाही, यानं हे घडवलं. हा पाथरवट. आपल्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं हवी तितकी. छिन्नी चालवणाऱ्याचं शोधावं लागतं.

या पाथरवटांचं काम कसं चाले ते बघायचं तर हेग्रातल्याच कसर अल-फरीद या दुसऱ्या थडग्यापाशी जावं. वाळूत एकटाच उभा राहिलेला प्रचंड खडक, त्याच्या अंगावर हे थडगं. वेरूळचं कैलास पाहिलेल्यांना कळस आधी आणि पायथा नंतर हे सांगायला नको. इथंही तसंच, फक्त काम अर्ध्यावर थांबलं. वरचा भाग गुळगुळीत, कोरीव पायऱ्यांचा मुकुटही रेखीव. खाली येत जाल तसा दगड खडबडीत होत जातो, आणि पार तळाशी, हात पोचेल इतक्या उंचीवर, छिन्नीचे तिरके घाव अजून तसेच आहेत.