इंजिनाआधी टायर हार मानतो

मंडळी, नमस्कार. सरळ प्रश्नालाच हात घालतो, कारण तो मला पेट्रोल पंपावर विचारतात, फोनवर विचारतात, परवा तर लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं विचारला. ‘फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी घ्यायचीय, पण इंजिन लहान वाटतंय. चालेल का?’ आपल्या सह्याद्रीत, आपल्या लाल मातीत आणि कातळावर चालेल. पुष्कळदा तेच बरं पडेल. हे आकड्यांनी सिद्ध करून दाखवीन असं मी आयोजकांना कबूल केलंय, ते शेवटी करू. आधी थोडं मागे जाऊ.

दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप आठवा. 2.2 लिटरचं पेट्रोल इंजिन, 60 हॉर्सपॉवर. आज एवढी ताकद बाजारातल्या लहान हॅचबॅकमध्ये असते. तरी ती जीप आफ्रिकेच्या वाळवंटात चालली, ब्रह्मदेशच्या चिखलात चालली, आणि पुढे मुंबईत महिंद्रांनी तीच जुळवायला घेतली. 1948 सालची पहिली लँड रोव्हर बघा, 1.6 लिटर आणि 50 हॉर्सपॉवर. मग आपली लाडकी मारुती जिप्सी. 1985 मध्ये आली तेव्हा तिचं इंजिन 970 सीसीचं होतं, हजारसुद्धा नाही, आणि ताकद 45 च्या आसपास. नंतर 1.3 लिटरचं आलं, पुढे ते 80 पर्यंत गेलं. लष्करानं ही गाडी अनेक दशकं डोंगरात, बर्फात, वाळूत वापरली. या सगळ्या गाड्यांमध्ये सारख्या गोष्टी दोन: वजन कमी, आणि ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत, लो गिअर. तो वेग कमी करून ओढ वाढवतो.

आता जरा हात वर करा. भातखाचरात रुतलेली गाडी ट्रॅक्टरला टोचन लावून कोणाकोणाला काढावी लागलीय? बरेच आहेत. पुढच्या रांगेतल्या काकांनी दोन्ही हात वर केलेत, म्हणजे त्यांचा अनुभव दांडगा दिसतो. आता सांगा, तो ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा होता? आपल्या गावागावांत दिसणारा महिंद्रा 275 घ्या. 39. आल्टो 800 त्याच्यापेक्षा ताकदवान आहे हो, तिची 47-48 आहे! पण आल्टोला कोणी चिखलणीला नेत नाही. ट्रॅक्टरकडे खोल नक्षीचे भलेमोठे टायर आहेत, मागच्या चाकांवर वजन आहे, आणि एवढे लहान गिअर आहेत की शेतकरी शेजारून चालत गप्पा मारू शकतो. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण ते समजायला पुस्तक लागत नाही.

आता जिथे माझा जीव खरंच तुटतो त्या विषयाकडे येतो. इंजिन बदलणं.

माझा एक मित्र आहे, भोरकडचा. त्याच्याकडे जिप्सी होती, वडिलांच्या हातची, एकदम निकोप. पावसाळ्यात डोंगराच्या कडेच्या वाड्यांवर तो सहज जाऊन यायचा. त्याला कोणीतरी सांगितलं की हिला डिझेल बसव, मोठं बसव, मग बघ मजा. गॅरेजवाल्यानं मोडीत निघालेल्या एका गाडीचं टर्बो डिझेल आणलं. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा. मी त्याला पोटतिडकीनं सांगत होतो, अरे, हिचे पुढचे पाटे या वजनासाठी नाहीत, हिचे अर्धे ॲक्सल, म्हणजे चाकं फिरवणारे दांडे, या टॉर्कसाठी, या पिळासाठी नाहीत. पण त्या वेळी इंजिन खाली ठेवलेलं होतं आणि चार जण त्याभोवती उभे राहून कौतुक करत होते. तुम्हाला ते दृश्य माहीत आहे. त्या घोळक्यात माझं कोण ऐकणार?

गाडी तयार झाली. हायवेवर खरोखरच छान पळायला लागली, ते मान्य करतो. पण नाकाडात वजन वाढलं होतं, त्यामुळे पुढचे पाटे बसले आणि ती समोरून खाली झुकली. पहिल्या पावसात तिला नेहमीच्याच वाटेवर घातली. पूर्वी जिथे ती चिखलावरून हलकेच निघून जायची, तिथे आता पुढची चाकं चाकोरीत बसली. टर्बोची गंमत अशी, की खाली, कमी आरपीएमला इंजिन सुस्त असतं आणि मग एकदम जोर येतो. चिखलात नेमका हाच स्वभाव नको असतो. त्यानं पाय दिला, काहीच झालं नाही. आणखी दिला, आणि एकदम सगळी चाकं गरगरली. गाडीनं स्वतःच्या पोटापर्यंत खड्डा खणला. मग मागे-पुढे करताना एक चाक दगडावर पकडलं गेलं आणि मागचा अर्धा ॲक्सल काडकन तुटला. रात्री, पावसात, वाडीवरच्या लोकांनी ढकलून ती गाडी बाजूला लावली. मूळ इंजिन तोवर भंगारात गेलेलं होतं.

आणि नोंदणी पुस्तकातला इंजिन नंबर? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 काय सांगतं ते इथल्या किती जणांनी वाचलंय? परवानगीशिवाय असा बदल बेकायदा आहे. विमा कंपनी अपघातानंतर तो नंबर बघणारच. एका निरोगी गाडीचा असा बळी जातो तेव्हा मला राग येतो, आणि मी तो लपवत नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत म्हणे. म्हणजे आकडे आता भराभर घ्यावे लागणार.

मारुतीची छोटी फोर बाय फोर, जिम्नी घेऊ. टॉर्क 134 न्यूटन मीटर. पहिला गिअर साडेचार पटींच्या जवळ, लो दोन पट, ॲक्सल चार पटींहून थोडं जास्त. गुणाकार साधारण 36. चाकाची त्रिज्या 35 सेंटिमीटर धरली आणि वाटेतली घट वजा केली, तर चाकांपाशी साडेअकराशे किलोच्या वर ओढ मिळते. दोन माणसांसकट गाडीचं वजन साडेतेराशे किलो. आता टायरची पकड बघा. ओल्या चिखलात ती वजनाच्या तीस-चाळीस टक्के, म्हणजे चार-पाचशे किलो. कोरड्या कातळावर ऐंशी टक्के धरली तरी 1080. म्हणजे लहान इंजिनसुद्धा टायर घेऊ शकतो त्याहून जास्त देतंय. वर आणखी शंभर हॉर्सपॉवर आणलीत तर ती फक्त चाक फिरवायला जाईल.

चढाचं बघा. तीस अंशांचा चढ, ताशी पाच किलोमीटर वेग. साडेतेराशेचे निम्मे 675, वर मातीचा विरोध शंभर किलो. याला लागते जेमतेम 15 हॉर्सपॉवर. ताकद वेगासाठी लागते, आणि खडकावर आपल्याला वेग नकोच असतो. म्हणून रँग्लर रुबिकॉनसारखी गाडी बनवणाऱ्यांनी लो चार पटींचा दिला. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तिचा एकूण गुणाकार 84 च्या पुढे जातो.

डिफरन्शियल राहिलं, म्हणजे एका ॲक्सलच्या दोन चाकांत ताकद वाटणारी यंत्रणा. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क मिळतो, आणि तो किती हे घसरणारं चाक ठरवतं. एक चाक हवेत गेलं की दुसऱ्याला जवळजवळ शून्य. इंजिन कितीही मोठं असू द्या, हवेतलं चाक नुसतं जोरात फिरेल. फोर्सच्या गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे डिफ लॉक आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडून फिरवता येतात. 2021 ची गुरखा 91 हॉर्सपॉवरचीच होती, पण तिरक्या खड्ड्यांत ती आरामात निघते ती या लॉकमुळे. इंजिनावर घालायचे पैसे लॉकवर घाला, चांगल्या टायरवर घाला.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू, कारण राजस्थानला जाणारे इथे आहेत. मऊ वाळूत विरोध वजनाच्या पाव भागापर्यंत जातो आणि थांबलात की बसलात. म्हणून ताशी 36 किलोमीटर तरी राखायचे. सपाट वाळूतच 45 हॉर्सपॉवर जाते, पंधरा अंशांच्या टेकडीवर ती 90 होते. तिथे महिंद्रा थारचं 150 हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन खरंच कामाला येतं.

आणि लडाख. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाचा टॉर्कही तेवढाच राहतो. मघाची साडेअकराशेची ओढ तिथे सहा-साडेसहाशेवर येते, आणि तीस अंशांच्या चढाला मघाचे 675 आणि शंभर मिळून 775 किलोंची ओढ हवी. तिथे टर्बो हवा. 2007 मध्ये चिलीच्या दोघांनी सुझुकी समुराई, म्हणजे आपल्या जिप्सीची सख्खी बहीण, ओहोस देल सालादो ज्वालामुखीवर 6,688 मीटरपर्यंत नेली. तिच्यात 1.6 लिटरचंच इंजिन होतं, पण टर्बोसारखीच जादा हवा ढकलणारा सुपरचार्जर बसवलेलं.

आपलं कळसूबाई 1,646 मीटर, आणि वाळूच्या टेकड्या आपल्याकडे नाहीत. त्यामुळे इथल्यापुरतं माझं उत्तर मी बदलत नाही.

वेळ संपली. बाहेर पार्किंगमध्ये प्रेशर गेज आणि कॉम्प्रेसर ठेवलाय. तीस पीएसआयवरून अठरापर्यंत हवा सोडल्यावर टायरचा ठसा किती लांब होतो ते ज्यांना डोळ्यांनी बघायचंय, त्यांनी चहाआधी या. पुढच्या रांगेतल्या काकांची गाडी आपण पहिली घेऊ.