मुंबई ते चिपी : साडेतीनशे किलोमीटर

मुंबई विमानतळापासून सिंधुदुर्गातल्या चिपीपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती साधारण साडेतीनशे किलोमीटर भरते. महामार्गानं कुडाळला जायचं म्हटलं, तर आकडा पाचशेच्या घरात जातो.

हा फरक कोकणच्या जमिनीचा आहे. सह्याद्रीचे फाटे समुद्राच्या दिशेनं उतरत जातात आणि त्यांच्या मधून सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री वाहतात. रस्त्याला कशेडीचा डोंगर पार करावा लागतो, परशुराम घाट उतरावा लागतो, प्रत्येक नदीवर पूल शोधावा लागतो. रेल्वेनं डोंगरच पोखरले. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब, तर पानवलचा पूल ६४ मीटर उंच. १९९८ मध्ये ही वाट पूर्ण खुली झाली. कोकणच्या माणसानं एवढं मोठं काम आपल्या दारात क्वचितच पाहिलं असेल. तरीही रात्री मुंबईहून सुटलेली कोकणकन्या कुडाळला पोचते ती सकाळी. पावसाळ्यात तर दरडींच्या भीतीनं गाड्यांचा वेग कमी केला जातो, वेळापत्रकही वेगळं लागतं.

आकाशात यातलं काहीच आडवं येत नाही. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी विमानतळाचं उद्घाटन झालं आणि मुंबईचं विमान सुरू झालं. पंख्यांचं, सत्तर आसनांचं एटीआर. ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास उडणाऱ्या विमानाला साडेतीनशे किलोमीटरसाठी पाऊण तास पुरायला हवा. वेळापत्रकात मात्र जवळपास दीड तास धरलेला होता.

ही वेळ नुसत्या उड्डाणाची नसते. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या टोकाला उभं राहिलं की थांबतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. रांगेत थांबणं आलं. वर चढताना, खाली उतरताना वेग कमी असतो आणि उतरण्यापूर्वी धावपट्टीच्या रेषेत यायला वळसा घ्यावा लागतो. त्यात पावसाळी ढग खाली आले, धावपट्टी दिसेना, तर पायलटला उतरता येत नाही.

घरापासून विमानतळ, तिथली तपासणी, चिपीहून पुढे मालवण किंवा कुडाळ, हे सगळं धरलं तरी सकाळी निघालेला माणूस दुपारी गावात असायचा. गणपतीला निघालेल्या लाखो चाकरमान्यांना सत्तर आसनं कुठे पुरणार? त्यांना गाडीच हवी, जास्तीच्या गाड्या हव्यात.

पण परळच्या टाटा रुग्णालयात उपचार चालू असलेल्या वेंगुर्ल्याच्या माणसाचा विचार करा. औषधानं अंग गळून गेलेलं असताना रात्रभर बसून प्रवास करायचा आणि काही आठवड्यांनी पुन्हा तोच. अशा माणसासाठी अंतर किलोमीटरमध्ये नसतं, किती तास बसावं लागणार, एवढंच असतं.

लहान शहरांना विमानानं जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या उडान योजनेतली तीन वर्षांची मुदत २०२४ मध्ये संपली आणि तेव्हा ही मुंबई फेरी थांबली. चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटरची आहे, बांधून तयार आहे. मुंबईचं विमान तिच्यावर रोज उतरायला हवं, परवडेल अशा तिकिटात, आणि त्यात आजारी माणसांसाठी काही आसनं राखून ठेवलेली हवीत.