टोकियोहून जाताना १० तास, मग येताना १२ का?

नमस्कार मंडळी! टोकियो ते लॉस एंजेलिस, पॅसिफिक महासागर ओलांडून पूर्वेकडे, अंतर साधारण ८,८०० किलोमीटर. विमानाने जायला लागतात १० तास, परत यायला जवळपास १२. अंतर तेच, विमान तेच. मग हे दोन तास कुठून आले?

‘पृथ्वी फिरते ना, म्हणून!’ हे उत्तर हमखास मिळतं. पण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते, आणि विमान उडतं त्या हवेतच. शिवाय जमीन खालून पूर्वेकडे सरकत असती, तर पश्चिमेला जाणंच सोपं झालं असतं. इथे तर नेमकं उलटं आहे.

खरा खेळ वाऱ्याचा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरदार पट्टा वाहतो, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात जपानच्या आकाशात त्याचा वेग कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला आणि १९२६ मध्ये अहवाल छापला तो एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत. साऱ्या जगाला वाचता यावा म्हणून! आणि जपानबाहेर तो फारसा कुणी वाचलाच नाही.

आता हिशोब बघा. विमानाचा हवेतला वेग धरा ताशी ९००. पाठीमागून १५० चा वारा मिळाला, तर जमिनीवरून मोजलेला वेग १,०५०, म्हणजे प्रवास साडेआठ तासांच्या आत. तोच वारा समोरून आला, तर वेग ७५० आणि वेळ पावणेबारा तास. गंमत म्हणजे जाताना वाचलेला वेळ येताना जास्त लागणाऱ्या वेळेची भरपाई करत नाही. उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकतो ना! तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं हेही धरलेलं असतं, त्यामुळे आपला आकडा आणि तिकिटावरचा आकडा तंतोतंत जुळणार नाही.

म्हणून सगळ्यात जवळचा रस्ता हाच सगळ्यात लवकरचा असेल असं नाही. सपाट नकाशावर या दोन शहरांमध्ये आडवी रेघ मारली तर ती जवळच्या मार्गापेक्षा सुमारे ५०० किलोमीटर जास्त लांब पडते. गोलावरचा जवळचा मार्ग उत्तरेकडे वाकून अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांच्या दक्षिणेकडून जातो. पण पूर्वेला निघालेलं विमान हिवाळ्यात तोही सोडून वारा असेल तिथे जातं, आणि परतताना त्याच वाऱ्याला वळसा घालतं.

कधी कधी वाराही बाजूला राहतो आणि राजकारण आडवं येतं. २०२२ मध्ये फिनलंडच्या विमानांना रशियाचं आकाश बंद झालं, आणि हेलसिंकी–टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास १३ तासांवर गेला. सुरुवातीला तर काही विमानं थेट उत्तर ध्रुवावरून जात होती.