पित्ताची परतफेरी

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या वर्षी माझ्या भाचीला आठव्या महिन्यात रात्री तळहात-तळपाय खाजायला लागले. वर्तकनगरच्या घरात सगळ्यांचं एकच, "पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव." मी तिचे हात दिव्याखाली धरून पाहिले. कुठे गांधी उठलेल्या नव्हत्या, नुसते नखांचे ओरखडे.

अंगावर पित्त उठतं त्याचा यकृताच्या पित्ताशी काही संबंध नसतो. छातीत जळजळतं तेही जठरातलं आम्ल. खरं पित्त यकृतात तयार होतं. मामलेदार मिसळीची तर्री पोटात नुसती तरंगत राहिली तर पचायची कशी? पित्तातली आम्लं त्या तेलाचे बारीक बारीक थेंब करतात, भांड्यांचा साबण करतो तसे.

यकृत ही आम्लं कोलेस्टेरॉलपासून बनवतं आणि फार जपून वापरतं. अंगात त्यांचा साठा जेमतेम ३ ग्रॅम. तेवढ्यात दिवसाची सगळी जेवणं निभतात, कारण तीच आम्लं पुन्हा पुन्हा फिरतात. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या पेशी त्यांना सोडियमसोबत आत ओढतात आणि मागच्या बाजूने रक्तात सोडतात. ते रक्त थेट यकृतात जातं. सुमारे ९५ टक्के आम्लं अशी घरी परततात.

यकृताच्या पेशीला एकीकडे रक्त, दुसरीकडे पित्ताची सूक्ष्म नळी. रक्ताकडच्या दारावर एनटीसीपी नावाचं प्रथिन आम्लं आत घेतं. (हेपटायटिस बी चा विषाणू याच दाराने शिरतो, हे २०१२ साली कळलं.) नळीकडच्या दारावर बीएसईपी नावाचं प्रथिन आम्लं बाहेर नळीत सोडतं. तिथे खरी मेहनत आहे. नळीत आम्लं आधीच दाटलेली, त्यामुळे प्रत्येक खेप एटीपीची, म्हणजे पेशीच्या इंधनाची, ऊर्जा खर्चून नळीत ढकलावी लागते.

गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे काही जणींमध्ये हे दुसरं दार मंदावतं. आम्लं तुंबून रक्तात उतरतात आणि खाज सुटते. ही आम्लं फार वाढली तर पोटातल्या बाळाच्या जिवाला धोका असतो. म्हणून कळकळीने सांगते, गरोदर बाईचे तळहात-तळपाय पुरळ नसताना खाजत असतील, तर लगेच डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातली बाईल अॅसिड, म्हणजे हीच पित्ताची आम्लं, तपासून घ्या.

भाचीची वाढलेलीच निघाली. डॉक्टरांनी लक्ष ठेवून ३७व्या आठवड्यात बाळंतपण केलं. लेक सुखरूप आहे, आणि भाचीची खाज पाचवीच्या आतच थांबली.