वीस वस्तू आणि वैतागलेला प्रयोगकर्ता

नमस्कार श्रोतेहो. मानसशास्त्राच्या पदवीच्या वर्गात माणसामाणसांतली विविधता कशी शिकवायची, हा आजचा विषय. बहुतेक अभ्यासक्रमांत ती शेवटच्या प्रकरणात असते. ते प्रकरण वर्ष संपताना उरकलं जातं, नाहीतर राहूनच जातं. माझं म्हणणं, ते प्रकरण मोडा आणि बाकीच्या प्रकरणांत वाटून टाका. स्मृतीत थोडं, बुद्धिमत्तेत थोडं, संवेदनात थोडं. शेवटचं प्रकरण नको, प्रत्येक प्रकरणात दहा मिनिटं हवीत.

बुद्धिमत्तेच्या तासाला काय करता येईल ते सांगतो, म्हणजे त्या निमित्ताने मला माझा आवडता किस्साही सांगता येईल.

पश्चिम आफ्रिकेत लायबेरिया नावाचा देश आहे. तिथे क्पेले नावाचे लोक राहतात, मुख्यतः भातशेती करणारे. मायकेल कोल, जोसेफ ग्लिक हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी तिथे काम करत होते. त्यांचं पुस्तक १९७१ साली आलं. त्यांच्या एका चाचणीत समोर वीस वस्तू मांडायच्या. पाच खाण्याच्या, पाच कपड्यांतल्या, पाच अवजारं, पाच भांडी. आणि सांगायचं, जे एकमेकांबरोबर जातं ते एकत्र ठेवा. संशोधकांच्या लेखी चार ढीग झाले की उत्तर बरोबर.

ग्लिक सांगतात, समोरच्या माणसाने चार ढीग केले नाहीत, दहा केले. प्रत्येक ढिगात दोनच वस्तू. संत्र्याशेजारी चाकू, कारण चाकूने संत्रं कापतात. बटाट्याशेजारी कुदळ, कारण कुदळीने बटाटा खणून काढतात. विचारलं की उत्तर यायचं, शहाणा माणूस असंच लावेल. परत विचारलं, परत तेच. शहाणा माणूस असंच लावेल! शेवटी प्रयोगकर्ता वैतागला आणि म्हणाला, बरं, मग मूर्ख माणूस कसं लावेल?

तेव्हा चार नीटनेटके ढीग झाले. खाणं एकीकडे, कपडे एकीकडे, अवजारं एकीकडे, भांडी एकीकडे. चाचणीला हवं असलेलं उत्तर त्यांना येत होतं. फक्त त्यांच्या मते ते मूर्खाचं उत्तर होतं.

ही गोष्ट ग्लिक यांनी १९७५ साली लिहून ठेवली म्हणून आपल्यापर्यंत आली. एरवी शोधनिबंधांत सरासरी छापतात, वैताग छापत नाहीत. मला विचाराल तर प्रत्येक शोधनिबंधात अर्धं पान वैतागासाठी राखून ठेवावं. निम्मं शिक्षण तिथूनच होईल.

आता वर्गात. हा किस्सा आधी सांगायचा नाही. पुन्हा सांगतो, आधी सांगायचा नाही. वीस चिठ्ठ्यांवर वीस वस्तूंची नावं लिहा, चार-चार जणांच्या गटाला एकेक संच द्या, पाच मिनिटं द्या. सूचना एकच, जे एकत्र जातं ते एकत्र ठेवा. बहुतेक गट चार ढीग करतील, कारण सगळेच अनेक वर्षं शाळेत बसलेले आहेत. मग विचारा, याच वस्तू घेऊन उद्या सकाळी कामाला लागायचं असेल तर कसं लावाल? ढीग बदलतात. किस्सा सांगायची वेळ ती. आणि हो, बाकं जमिनीत ठोकलेली असतील तर गटकाम जमत नाही. वर्गांत अशी बाकं कोण बसवतं हे मला कधी कळलेलं नाही.

हे चुकतं कुठे? मुलं लगेच वहीत लिहितात, 'क्पेले लोक वस्तूंच्या उपयोगावरून विचार करतात.' झालं! बुद्धीबद्दलचा एक गैरसमज गेला आणि त्याच्या जागी एका समाजाबद्दलचा शिक्का आला. म्हणून त्याच तासाला हेही सांगायचं, की त्याच संशोधनात शाळेत गेलेल्या क्पेले मुलांची उत्तरं वेगळी आली. चाचणी बदलली की उत्तर बदलतं, शाळा मिळाली की उत्तर बदलतं.

दुसरी चूक शिक्षकाची. वर्गातल्या एकाच मुलाकडे वळून, 'तुमच्यात कसं असतं?' असं विचारणं. तो मुलगा मानसशास्त्र शिकायला आलाय, आख्ख्या समाजाचा वकील म्हणून नाही. अनुभव हवेच असतील तर सगळ्यांकडून बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या.

आकडाही एक सांगून ठेवतो. मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००८ साली अमेरिकेतली सहा प्रमुख मानसशास्त्रीय नियतकालिकं तपासली. अभ्यासलेल्या नमुन्यांपैकी, म्हणजे ज्यांच्यावर अभ्यास झाले त्या लोकांपैकी, ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते, आणि त्या देशांत राहते जगातली सुमारे १२ टक्के लोकसंख्या. हा आकडा फळ्यावर लिहून सोडून दिला तर वाया जातो. त्याऐवजी पाठ्यपुस्तकातला कुठलाही प्रयोग आला की मुलांना तीन प्रश्न विचारायची सवय लावा. कोणावर केला? किती जणांवर? यात कोण नव्हतं? कोणावर, किती जणांवर, कोण नव्हतं.

आणि हे परीक्षेत आणा, कारण परीक्षेत नसलेलं कोणी वाचत नाही. 'विविधतेचे महत्त्व, टीप लिहा' असा प्रश्न नको. त्याचं उत्तर पाठ करता येतं. एका प्रयोगाचं दहा ओळींचं वर्णन छापा, नमुना स्पष्ट द्या, आणि विचारा: हा निष्कर्ष कोणाला लागू करायला तुम्ही कचराल, आणि खात्री करायला पुढचा प्रयोग कसा आखाल? पाच गुण. 'सगळ्यांना लागू नाही' एवढंच लिहिलं तर एक गुण, का लागू नाही हे सांगितलं तर आणखी दोन, उरलेले दोन नव्या प्रयोगाला.