व्यायला आलेल्या गायीच्या रक्तातलं कॅल्शियम

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

गाय व्यायला आली की आपण तिची कास बघतो, शेपटीजवळचे खळगे बघतो. रक्तातली उलथापालथ मात्र दिसत नाही, आणि व्यायल्यावर गाय उभी राहणार की बसून राहणार, ते बरंचसं तिथंच ठरतं.

सुरुवात वासरू करतं. पोटातल्या पूर्ण वाढलेल्या वासराच्या शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप पोचवणारं रसायन, वाढतं. त्यानं गायीच्या रक्तातलं गाभ टिकवून धरणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्यानं उतरतं, इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक चढतं, कळा सुरू होतात. याच दिवसांत गायीचं खाणं कमी होतं आणि कास मात्र चिकानं भरत असते.

आता हिशेब बघा. गायीच्या रक्तात एका वेळी फिरतं ते जेमतेम ३ ग्रॅम कॅल्शियम. एक लिटर चिकात असतं सुमारे २ ग्रॅम. म्हणजे १० लिटर चीक काढला की २० ग्रॅम गेलं! ही तूट भरायची हाडांतून आणि आतड्यांतून. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक आणि ड जीवनसत्त्व ते काम करतात, पण त्यांना पुरता जोर धरायला एक-दोन दिवस लागतात.

आपण मायेपोटी गाभण गायीला शेवटच्या महिन्यातच कॅल्शियमच्या बाटल्या पाजतो, वर लसूणघास भरपूर घालतो. आयतं मिळत गेलं की ती ग्रंथी सुस्तावते आणि ऐन वेळी हाडांतलं कॅल्शियम सुटत नाही. म्हणून शेवटचे तीन आठवडे बाटली बंद, लसूणघास अगदी कमी. बाटली द्यायची ती व्यायल्यावर.

१०० मिलिलिटर रक्तात कॅल्शियम साडेआठ ते दहा मिलिग्रॅम हवं. ते साडेपाचच्या खाली गेलं की दुग्धज्वर होतो. ताप नसतो, उलट कान गार पडतात, नाकाडी कोरडी होते, रवंथ थांबतो, गाय मान कुशीवर टाकून बसते. तिसऱ्या वेतापुढच्या, जास्त दुधाच्या, विशेषतः जर्सी रक्ताच्या गायींवर डोळा ठेवा. अशा बसलेल्या गायीला तोंडानं काहीही पाजू नका, ते फुप्फुसात जातं. पशुवैद्यकांना लगेच बोलवा. शिरेतून कॅल्शियम देताना ते सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत द्यावं लागतं, त्यामुळे घरी प्रयोग नकोत.

गाय उठली तरी पहिले एक-दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नका. वासराला मात्र पहिल्या तास-दोन तासांत पोटभर चीक पाजा.